रीपरमधून मिडी क्लॉक दिलंय तरी कीबोर्डचा ठेका पुढे पळतोय, काय चुकतंय?

काळी_पाच:
नमस्कार मंडळी. घरच्या घरी भजनं आणि थोडी भावगीतं रेकॉर्ड करतोय, सेटअप साधाच आहे, लॅपटॉपवर रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), दोन इनपुटचा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि यामाहाचा अ‍ॅरेंजर कीबोर्ड. ठेका कीबोर्डचा घेतो कारण त्यातले देशी ठेके मला आवडतात, बाकी तानपुरा आणि स्ट्रिंग्ज रीपरमध्ये प्लगइनवर (रीपरच्या आत चालणारी छोटी जोड-सॉफ्टवेअरं). कीबोर्ड यूएसबीने जोडलाय, रीपरच्या मिडी आउटपुटमध्ये क्लॉक (कीबोर्डला टेम्पो देणारा इशारा) पाठवायची खूण केलीय, कीबोर्डवर एक्स्टर्नल क्लॉक ऑन, म्हणजे तो बाहेरून आलेल्या टेम्पोवर चालतो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस एकदम मस्त चाललं. आता मात्र कीबोर्डचा ठेका मेट्रोनोमच्या आणि स्ट्रिंग्जच्या आधी पडतो, म्हणजे उशिरा नाही, चक्क आधी! टेम्पो ११२ आहे. सेटिंग कशालाच हात लावलेला नाही, देवाशपथ. परवा तर बायको म्हणाली की तबलजीला गाडी पकडायची आहे का. काय करू?

बफरबाबा:
बफर (लॅपटॉप एका वेळी किती सॅम्पल आवाज साठवून सोडतो तो आकडा) कमी कर, ६४ वर आण. ९९ टक्के प्रॉब्लेम तिथेच असतो.

काळी_पाच:
केलं. २५६ वरून ६४. आता ठेका आधी पडतोच आणि वर फोडणीसारखा तडतड आवाजही येतो 😑

टाळकरी_सातारा:
बफर परत २५६ वर ने, तुझा लॅपटॉप बिचारा रडतोय. सेकंदाला ४८ हजार सॅम्पल धरले तर २५६ सॅम्पल म्हणजे साडेपाच मिलिसेकंदाच्या आत, तेवढ्याने ठेका पळत नाही.

आधी एक सांग, गाण्याच्या सुरुवातीला जेवढा फरक आहे तेवढाच शेवटी आहे, का वाढत जातो? हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोन्हीला एकच गोळी देतात. मोजायचं कसं तर डोळे मिटून ऐकू नको, रीपरचा क्लिक आणि कीबोर्डचा ठेका दोन्ही स्पीकरवर सोड, मोबाइल समोर ठेवून मिनिटभर रेकॉर्ड कर, ती फाइल रीपरमध्ये टाक आणि झूम करून क्लिकचं टोक नि बायाच्या ठोक्याचं टोक यातलं अंतर बघ. पहिल्या आवर्तनात एकदा, शेवटच्या आवर्तनात एकदा.

आणि दुसरं, मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळा आवाज शेवटी जिथून बाहेर जातो तिथे, काय काय लावलंयस?

काळी_पाच:
मोजलं दादा. पहिल्या आवर्तनात ८५ च्या आसपास मिलिसेकंद, शेवटीही तेवढंच, एखाद-दुसरा इकडेतिकडे. कीबोर्ड आधी. मास्टरवर एक ईक्यू आणि लिमिटर आहे, युट्यूबवर एकाने सांगितलं होतं की लिनियर फेज ठेवलं की आवाज स्वच्छ राहतो म्हणून तसं केलं. पण तो तर ऑडिओचा विषय झाला ना, त्याचा क्लॉकशी काय संबंध?

टाळकरी_सातारा:
हाच तर संबंध! मास्टरची एफएक्स खिडकी उघड, खाली सीपीयूच्या टक्क्यांशेजारी सॅम्पलचा आकडा दिसतो, तो सांग. मी पैज लावतो ४०९६ किंवा त्याच्या आसपास असणार.

काळी_पाच:
४०९६!!! तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का

टाळकरी_सातारा:
कॅमेरा नाही, मी स्वतः याच खड्ड्यात तीन रविवार घालवलेत. हिशोब कर, ४०९६ भागिले ४८००० म्हणजे ८५ मिलिसेकंद. ११२ च्या टेम्पोला मात्रेचा चौथा भाग १३४ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे त्याच्या निम्म्याहून जास्त फरक, तबलजी गाडी पकडणारच.

होतं काय, लिनियर फेज ईक्यूला किंवा लुकअहेडवाल्या लिमिटरला पुढचा आवाज आधी बघून मग बाहेर सोडायचा असतो, म्हणून तो सगळा आवाज थोडा अडवून धरतो. रीपर शहाणं आहे, आतल्या ट्रॅकमध्ये ही अडवणूक सगळ्यांना सारखी वाटून देतं म्हणून आतल्या आत काहीच बिघडलेलं कळत नाही. पण कीबोर्ड आत नाही, बाहेर टेबलावर बसलाय. त्याला क्लॉक जातं ते नुसतं टिक टिक टिक, एका मात्रेला २४ टिका, त्यात ११२ हा आकडासुद्धा नसतो, कीबोर्ड दोन टिकांमधलं अंतर धरून टेम्पो ओळखतो. त्या टिका वेळेवर निघाल्या, कीबोर्ड वेळेवर वाजला, आणि स्ट्रिंग्ज मास्टरच्या रांगेत ८५ मिलिसेकंद उभ्या राहिल्या. म्हणजे कीबोर्ड पुढे पळत नाहीये रे, बाकीचे मागे राहतायत.

रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत मास्टर मोकळा ठेव. आणि नुसतं बायपास करून समाधान मानू नको, काही प्लगइन बायपासमध्येही डिले धरून बसतात, सरळ ऑफलाइन कर, म्हणजे प्लगइन पूर्ण बंद, आणि आकडा शून्य झाला का बघ. ठेका एकदा लाइन इनमधून ऑडिओ म्हणून आत घे, मग कीबोर्ड बंद कर आणि मिक्सिंगला काय हवं ते लाव, तेव्हा सगळंच आत असतं.

बँजो_पार्टी:
मधेच बोलतो. आम्ही क्लॉकबिक काही करत नाही. कीबोर्डवर ११२, रीपरमध्ये ११२, ठेका एका टेकमध्ये पाच मिनिटं घ्यायचा, पहिला ठोका ग्रिडला (रीपरमधल्या मात्रांच्या रेघांना) चिकटवायचा, विषय संपला. ऑक्टोपॅड तर वरून हातानेच वाजतो, त्याला कुठलं क्लॉक. पाच मिनिटांत सरकून सरकून सरकणार किती?

टाळकरी_सातारा:
बरोबर आहे, पाच मिनिटांच्या गाण्याला चालतं. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखात ५० चा फरक धरला तरी पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद. पण टेम्पो मधे बदलायचा असेल, शेवटी द्रुत करायचं असेल, तर क्लॉक लागतंच. भजनात तर लागतंच लागतं.

काळी_पाच:
दादा ऑफलाइन केलं. जादू! फक्त एक, मोजलं तर अजून ६ मिलिसेकंद उरलेत. आणि मधे एक वेळ अशी आली की कीबोर्डचं स्टार्ट बटण दाबलं तर ठेका सुरूच होईना, वाटलं गेला कीबोर्ड.

टाळकरी_सातारा:
गेला नाही, एक्स्टर्नल क्लॉक ऑन राहिलं होतं. रीपर थांबलेलं असेल तर तो टिकांची वाट बघत गप्प बसतो. कार्यक्रमाला नेण्याआधी ते आठवणीने ऑफ कर, नाहीतर स्टेजवर घाम फुटेल (फुटलाय).

६ मिलिसेकंद सोडून दे. आवाजाला दोन मीटर यायला तेवढाच वेळ लागतो, ढोलकीवाला सतरंजीच्या त्या टोकाला बसला की एवढा उशीर होतोच. फारच खुपलं तर आत आलेला ठेका तेवढा सरकव.

वीणेकरी:
याच धाग्यात विचारतो, रागावू नका. आमच्या देवळातलं ४० मिनिटांचं कीर्तन, चित्र मोबाइलवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटी जुळत नाहीत. माझ्याकडे तर एकही प्लगइन नाही.

टाळकरी_सातारा:
हा दुसरा आजार, वाढत जाणारा. दोन घड्याळं, वर टिका देणारं कोणी नाही, त्याच ५० च्या हिशोबाने ४० मिनिटांत १२० मिलिसेकंद, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत तीन फ्रेम. पुढच्या वेळी सुरुवातीला एक आणि पसायदानाआधी एक, मोबाइलसमोर टाळांचा एकच खणखणीत ठोका वाजवून घ्या. पहिला ठोका जुळवायचा, मग दुसरा जुळेल इतकी ऑडिओची लांबी किंचित ताणायची, रीपरमध्ये ऑल्ट धरून क्लिपची कड ओढली की होतं. इतक्या कमी ताणाने सूर हलत नाही.

आणि रेकॉर्डर सेकंदाला ४८ हजार सॅम्पलवर आहे का ४४.१ हजारवर तेही बघून ठेवा.

वीणेकरी:
ते उलटसुलट झालं तर कळतं का?

काळी_पाच:
हे मी सांगतो, हे मी करून बसलोय 😄 ४८ ची फाइल ४४.१ समजून वाजली की चार मिनिटांचं गाणं ४ मिनिटं २१ सेकंदांचं होतं, आणि काळी पाचमध्ये गायलेलं पांढरी सहाच्या खाली, काळी चारच्या वर कुठेतरी लटकतं. पेटी काढून बसलो तर एकही पट्टी जुळेना. मला वाटलं मीच बेसूर गायलो, दोन दिवस रियाज वाढवला होता.