नाशिकचे डेस्क फोन: एकाच बाजूचा आवाज, ३२ सेकंदांत कॉल बंद

प्रश्न (नाशिकशाखा):
नमस्कार मंडळी. ॲस्टेरिस्कचा (ऑफिसातले फोन जोडणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर पुण्याच्या ऑफिसात आहे, पत्ता १९२.१६८.१०.५. तिथे ४२ आयपी फोन, आणि कॉम्प्युटर, वायफाय सगळं त्याच १९२.१६८.१०.०/२४ या नेटवर्कमध्ये. नाशिकला ८ फोन आहेत (१९२.१६८.१.०/२४), ते इंटरनेटवरून पुण्याच्या पब्लिक आयपीला रजिस्टर होतात. पुण्याच्या राउटरवर यूडीपी पोर्ट ५०६० सर्व्हरकडे फॉरवर्ड केलाय.

नाशिकला पुण्याचा आवाज येतो, पण नाशिकचं बोलणं पुण्यात ऐकू येत नाही. शिवाय नाशिकहून लावलेला कॉल अर्ध्या मिनिटात आपोआप तुटतो. पुण्याहून लावलेला तुटत नाही. पुण्यातही एक त्रास आहे: दुपारनंतर एखादा फोन रीस्टार्ट केला की स्क्रीनवर ०.०.०.० दिसतं. फोनना स्टॅटिक आयपी द्यावेत का?

उत्तर (पॅकेटपाहणारा):
५०६० वरून सिपची, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या भाषेतली, फक्त निरोपानिरोपी होते: रजिस्टर, रिंग, कॉल बंद. आवाज आरटीपीने (आवाज वाहून नेणारा प्रोटोकॉल) वेगळ्या पोर्टवरून जातो, आणि तो कुठे पाठवायचा हे सिपच्या निरोपात आत लिहिलेलं असतं. ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर 'पीजेसिप सेट लॉगर ऑन' करा आणि नाशिकहून कॉल लावा. सर्व्हरच्या २०० ओके (कॉल उचलल्याचा निरोप) मध्ये बहुधा अशी ओळ दिसेल:

सी=इन आयपी४ १९२.१६८.१०.५

म्हणजे सर्व्हर नाशिकच्या फोनला आपला आतला पत्ता सांगतोय. नाशिकहून त्या पत्त्यावर पाठवलेला आवाज पुण्यात पोचणारच नाही.

कॉल तुटण्याचं मूळही हेच. त्याच २०० ओके च्या कॉन्टॅक्टमध्ये (पुढचे निरोप कुठे पाठवायचे ती ओळ) आतलाच पत्ता असतो, म्हणून फोनची पोच, म्हणजे एसीके, सर्व्हरला मिळत नाही. सर्व्हर २०० ओके पुन्हा पुन्हा पाठवतो आणि ३२ सेकंदांनी कॉल सोडतो. सिपमध्ये टी१ (निरोप पुन्हा पाठवण्याआधी थांबण्याची मूळ वेळ) ५०० मिलिसेकंद, त्याच्या ६४ पट ही मुदत. कॉल नेमका ३२ सेकंदांनी तुटला की आधी हरवलेला एसीके शोधावा.

उपाय: ॲस्टेरिस्कच्या पीजेसिप सेटिंगमध्ये ट्रान्सपोर्टखाली एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस आणि एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस, दोन्हीकडे पुण्याचा पब्लिक आयपी. लोकल नेटमध्ये १९२.१६८.१०.०/२४. नाशिकच्या प्रत्येक एंडपॉइंटला (फोनच्या नोंदीला) डायरेक्ट मीडिया 'नो'. आरटीपी सिमेट्रिक, फोर्स आरपोर्ट, रीराइट कॉन्टॅक्ट तिन्ही 'येस'. राउटरवर यूडीपी १०००० ते २०००० सर्व्हरकडे फॉरवर्ड. ट्रान्सपोर्टमधला बदल साध्या रीलोडने लागू होत नाही, ॲस्टेरिस्क पूर्ण रीस्टार्ट करावा लागतो. इथे बरेच जण फसतात आणि सेटिंग चुकीचं होतं असं समजून परत काढून टाकतात.

उत्तर (राउटरबंदोबस्त):
वरचं निदान बरोबर, फक्त क्रम सांभाळा. नाशिकला निदान एका बाजूचा आवाज येतोय, त्याअर्थी तिथल्या राउटरचा सिप एएलजी (सिपच्या निरोपातले पत्ते आपोआप बदलणारी सोय) फोनचा आतला पत्ता बदलून देत असणार. सर्व्हर नीट होण्याआधी तो बंद केलात तर दोन्ही बाजू मुक्या होतील. आधी सर्व्हर, मग एएलजी बंद. चालू ठेवू मात्र नका, कारण होल्ड आणि ट्रान्सफरच्या वेळी असे राउटर पत्ता अर्धवट बदलतात.

५०६० साऱ्या जगाला उघडा ठेवणं धोक्याचं आहे. पासवर्ड फोडून रात्रीतून परदेशी कॉल लावतात, बिल तुमच्या नावावर येतं. नाशिकला स्टॅटिक आयपी असेल तर फक्त त्यालाच परवानगी द्या. त्याहून चांगलं म्हणजे दोन राउटरमध्ये वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन). दोन्हीकडचे सबनेट वेगळे आहेत, त्यामुळे नॅटची (राउटरने पत्ते बदलण्याची) कटकटच संपते. मग लोकल नेटमध्ये १९२.१६८.१.०/२४ पण घाला, फोनमध्ये सर्व्हर म्हणून १९२.१६८.१०.५ टाका आणि फॉरवर्ड केलेले पोर्ट काढून टाका. नाशिकच्या राउटरचा वॅन (इंटरनेटकडचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर ते सीजीनॅट (अनेक ग्राहकांमध्ये एकच पब्लिक आयपी): बोगदा नाशिककडून सुरू करा, कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा निरोप) दर २५ सेकंदांनी.

उत्तर (व्हीलॅनमिस्त्री):
पुण्याच्या ०.०.०.० बद्दल: म्हणजे फोनला पत्ताच मिळालेला नाही. /२४ मध्ये वापरता येणारे पत्ते २५४. वायफायवरचा प्रत्येक मोबाइल एक पत्ता घेतो आणि लीज (पत्ता राखून ठेवण्याची मुदत) कित्येक दिवसांची असेल तर माणूस घरी गेला तरी पत्ता अडकून राहतो. डीएचसीपीची (पत्ते आपोआप वाटणारी सोय) लीज यादी उघडा, पत्त्यांचा पूल भरलेला दिसेल.

स्टॅटिक नको. ४२ फोनवर हाताने आकडे टाकले की कुठेतरी दोघांना एकच पत्ता जातो, आणि सर्व्हर बदलला की प्रत्येक टेबलापाशी जावं लागतं. फोनसाठी वेगळा व्हॉइस व्हीलॅन (त्याच तारांवरचं स्वतंत्र नेटवर्क) करा, समजा २०, त्याला १९२.१६८.२०.०/२४. स्विचच्या पोर्टवर डेटा अनटॅग्ड (व्हीलॅनच्या खुणेशिवाय), २० टॅग्ड (खुणेसह), एलएलडीपी-मेड चालू. फोनला वीज मिळाली की तो एलएलडीपीतून व्हीलॅन विचारतो, मग डीएचसीपीकडून पत्ता आणि ऑप्शन ६६ मधून कॉन्फिगरेशनचा सर्व्हर घेतो, शेवटी रजिस्टर होतो. अमुक फोनला कायम तोच पत्ता हवा असेल तर मागच्या स्टिकरवरचा मॅक (फोनचा हार्डवेअर पत्ता) घेऊन रिझर्वेशन करा.

नंतरही ०.०.०.० राहिलं तर तीन जागा बघा: राउटरकडे जाणाऱ्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या तारेवर) २० ला परवानगी नाही, डीएचसीपी दुसऱ्या व्हीलॅनमध्ये आहे आणि रिले (पत्त्याची विनंती पुढे नेणारा) लावलेला नाही, किंवा भिंतीकडची केबल फोनच्या पीसी पोर्टमध्ये खुपसली आहे. लोकल नेटमध्ये नवा २०.०/२४ घालायला विसरू नका, नाहीतर पुण्यातल्या फोननाही सर्व्हर पब्लिक पत्ता सांगायला लागेल.

प्रश्नकर्ता (नाशिकशाखा):
नाशिकच्या लाइनचा अपलोड ५ एमबीपीएस आहे. आठही फोन एकदम चालतील?

उत्तर (पॅकेटपाहणारा):
जी.७११ (आवाजाचा कोडेक) ला एका कॉलमागे प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस लागतात, ८ कॉलना ७०० च्या आसपास. बोगद्यात थोडे जास्त. तेवढं पुरतं. मोठी फाइल अपलोड होताना आवाज तुटला तर नाशिकच्या राउटरवर अपलोड ४.५ एमबीपीएसला बांधा आणि डीएससीपी ४६ (आवाजाच्या पॅकेटवरची प्राधान्याची खूण) ला पहिली रांग द्या. ती खूण इंटरनेटवर पुढे कुणी मानत नाही, पण अडथळा तुमच्याच राउटरच्या तोंडाशी असतो, तिथे ती कामाला येते. बोगदा असेल तर आतली खूण बाहेरच्या पॅकेटवर दिसत नाही, म्हणून रांग पॅकेट बोगद्यात शिरण्याआधीच लावा.