मदत हवी आहे: डिस्कवर जागा भरपूर, तरी नॉर्टन कमांडर फाइल घेत नाही

निळीपाटी: ३८६ मशीन, एमएस-डॉस ६.२२, नॉर्टन कमांडर ४.० (दोन पाट्यांचा फाइल मॅनेजर). फ्लॉपीवरच्या फाइली एफ५ ने सी वर टाकतोय. २४ गेल्या, पंचविसाव्याला फाइल बनवता येत नाही म्हणतो. एफ७ ने डिरेक्टरीही होत नाही. कंट्रोल-एल ला ४०० एमबीच्या वर मोकळी जागा दिसते. फ्लॉपी बदलली, तेच. व्हायरस नाही, तपासलंय. काम अडलंय, कृपया लवकर सांगा.

कॉन्फिगभाऊ: कॉन्फिग.सिस या डॉसच्या सेटिंग फाइलमध्ये फाइल्स=४० करा. ८ असेल तर असंच होतं.

सेक्टरशून्य: भाऊ, फाइल्स= म्हणजे एका वेळी किती फाइली उघड्या राहू शकतात ते. एकामागून एक कॉपी करताना त्याचा काय संबंध?
निळीपाटी, तीन गोष्टी सांगा. सी वर नेमकं कुठे टाकताय? नॉर्टन बाजूला ठेवून नुसत्या कॉपी कमांडने काय एरर येते? आणि त्या पॅनेलमध्ये एकूण नावं किती?

निळीपाटी: कुठे म्हणजे काय, सी वरच! कॉपी दिली तर 'फाइल क्रिएशन एरर'. नावं १९२, लपवलेल्या सिस्टिम फाइली धरून.

टॅगवाला: नॉर्टन सोडा आणि एक्सट्री गोल्ड हा फाइल मॅनेजर घ्या. कंट्रोल-टी ने सगळ्या फाइली टॅग, कंट्रोल-सी ने कॉपी. डिरेक्टरीच उचलून दुसरीकडे लावायची तर ग्राफ्ट आहे. दोन पाट्यांमध्ये टॅब मारत बसायची गरजच नाही.

सेक्टरशून्य: एक्सट्री काय, नॉर्टन काय, खाली डॉसच ना? कॉपी कमांडलाच जमत नाही म्हटल्यावर वरचं दुकान बदलून काय होणार?
निळीपाटी, तुम्ही रूटमध्ये, म्हणजे सी च्या सगळ्यात वरच्या डिरेक्टरीत टाकताय. फॅट-१६ मध्ये (डॉसची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) हार्ड डिस्कची रूट डिरेक्टरी फॉरमॅटच्या वेळीच ठरते: ५१२ नोंदी, प्रत्येकी ३२ बाइट, म्हणजे १६ केबी. ती भरली की डिस्क रिकामी असली तरी फाइल बनत नाही, डिरेक्टरीही नाही, कारण डिरेक्टरीलाही तिथे एक नोंद लागते.

टॅगवाला: १९२ आणि ५१२ यात फरक असतो असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं.

सेक्टरशून्य: म्हणूनच पुढचा प्रश्न. नावांत ~ चिन्ह दिसतं का? आणि डिर दिल्यावर व्हॉल्यूम लेबल, म्हणजे डिस्कचं नाव, काय येतं?

निळीपाटी: लेबल मी दिलेलंच नाही, तरी काहीतरी कचरा येतो: बी, डॅश, मग शून्य, शून्य, एक आणि टिंब, मध्ये रिकाम्या जागा. ~ बऱ्याच नावांत आहे. ती लॅपटॉपवरून टाकली होती, 'पत्रव्यवहार-००१.टीएक्सटी' पासून १६० पर्यंत, नावं रोमनमध्ये. हार्ड डिस्क नाही, ५१२ एमबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड आहे, आयडीई अडॅप्टरवर. त्याचा काय संबंध?

सेक्टरशून्य: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं. सगळा संबंध त्याचाच.
विंडोज लांब नाव वेगळ्या नोंदींत ठेवतं, एका नोंदीत १३ अक्षरं. तुमचं नाव रोमनमध्ये २१ अक्षरांचं, म्हणजे दोन नोंदी, वर डॉसला दिसणाऱ्या आखूड, ~ वाल्या नावाची एक. फाइलमागे तीन. १६० गुणिले ३ = ४८०. आयओ.सिस, एमएसडॉस.सिस, कमांड.कॉम, डीआरव्हीस्पेस.बिन, कॉन्फिग, ऑटोएक्झेक आणि डॉस, एनसी या दोन डिरेक्टऱ्या मिळून ८. फ्लॉपीच्या २४. बेरीज ५१२.
लेबलचा कचराही तोच. लांब नावाच्या नोंदीला व्हॉल्यूम लेबलचा बिट लावलेला असतो, म्हणजे जुन्या डॉसने तिला फाइल समजू नये. खरं लेबल नसलं की डॉस तिलाच लेबल समजून दाखवतो. सुरुवातीचा बी म्हणजे 'दुसरा आणि शेवटचा तुकडा', पुढची पाच अक्षरं नावातली चौदावी ते अठरावी.
कार्ड लॅपटॉपला लावा, तिथे एक फोल्डर करून १६० फाइली तिथूनच आत हलवा. सबडिरेक्टरीला ५१२ ची मर्यादा नाही, ती क्लस्टरगणिक, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या एकेका ठोकळ्याने वाढते.

लिपीकार: पत्रव्यवहार मराठीत असेल तर एफ३ ने वाचता येणार नाही. जिस्ट या डॉसवर मराठी दाखवणाऱ्या प्रणालीतल्या फाइली इस्की या भारतीय लिप्यांच्या कोडमध्ये असतात. तिथे 'क' म्हणजे १७९, आणि साध्या डॉसमध्ये १७९ म्हणजे चौकटीची उभी रेघ. वाचायचं तर युनिकोडमध्ये रूपांतर करून लॅपटॉपवर वाचा, इथे पानभर चौकटीच्या रेघाच दिसतील.

निळीपाटी: इंग्रजी आहे हो. वाचायचं कोणी विचारलंय?

कॉन्फिगभाऊ: मग सरळ फॅट-३२ करा. तिथे रूटला ५१२ ची मर्यादा नाही.

सेक्टरशून्य: आणि ६.२२ ने ते वाचायचं कसं? फॅट-३२ डॉस ७.१ पासून. कार्ड लॅपटॉपवर फॅट-३२ करून आणलं तर ३८६ ला त्यावर एकही फाइल दिसणार नाही.

निळीपाटी: कार्ड काढायला पूर्ण केस उघडावी लागते, म्हणून इथेच केलं. फ्लॉपीची एक फाइल उडवली, त्या जागेवर 'जुने' डिरेक्टरी झाली, एफ६ ने सगळ्या १६० आत हलवल्या. कॉपी सुरू झाली. पण आणखी १६० फाइली गेल्या आणि परत तीच एरर! आता रूटमध्ये लॅपटॉपची एकही फाइल नाही. लेबलचा कचरा मात्र तसाच.

टॅगवाला: एक्सट्रीत आधी टॅग करून…

सेक्टरशून्य: नको.
निळीपाटी, लॅपटॉपवर हलवा म्हटलं होतं ते याचसाठी. एफ६ एकाच ड्राइव्हवर डेटा हलवत नाही, फक्त डिरेक्टरीतली नोंद हलवतो, आणि डॉस ६.२२ ला आखूड नावाचीच नोंद कळते. त्या १६० सुटल्या. लांब नावांच्या ३२० नोंदी मालक गेला तरी रूटमध्ये बसून आहेत. शिवाय 'जुने' मधल्या फाइलींची लांब नावं गेली. पहिल्या चार बऱ्या दिसतील, पाचव्यापासून विंडोज दोन अक्षरांपुढे चार आकडे-अक्षरं घुसवतं, त्यावरून पत्र क्रमांक ओळखता येणार नाही. मूळ फाइली लॅपटॉपवर आहेत ना?

निळीपाटी: आहेत.

सेक्टरशून्य: मग वाचलात. केस एकदाच उघडा. कार्ड लॅपटॉपला लावून डॉस, एनसी, कॉन्फिग, ऑटोएक्झेक आणि फ्लॉपीवरून आलेलं सगळं उतरवून घ्या. कार्ड परत ३८६ मध्ये, ६.२२ च्या बूट फ्लॉपीने मशीन सुरू, फॉरमॅट सी कोलन स्लॅश एस. ते लेबल विचारेल तेव्हा काहीतरी द्या, म्हणजे पुन्हा कचरा दिसणार नाही. मग कार्ड लॅपटॉपवर: उतरवलेलं परत, आणि पत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये.
लॅपटॉपवरच नावं आठ-अधिक-तीन (आठ अक्षरं, टिंबानंतर तीन) आणि कॅपिटलमध्ये केलीत, 'पत्र००१' अशी, तर फाइलमागे एकच नोंद लागेल आणि नॉर्टनमध्ये ~ दिसणार नाही.

कॉन्फिगभाऊ: एकदाच कुठे, यात केस निदान दोनदा उघडते.

लिपीकार: लॅपटॉपवर चेकडिस्क स्लॅश एफ (विंडोजची डिस्क दुरुस्त करणारी कमांड) दिलं तर त्या बेवारस नोंदी निघतात, फॉरमॅटची गरज नाही. मग 'जुने' काढून मूळ पत्रं नव्याने टाका. एकाच खेपेत काम.

सेक्टरशून्य: हे मान्य. आधी बॅकअप घेऊन.

निळीपाटी: चेकडिस्कने अवैध लांब नोंदी काढल्या. डॉस सुरू झाला, एफ७ चालतंय, उरलेल्या फ्लॉप्या गेल्या. आता १६० नावं बदलायची आहेत, एफ६ ने एकेक करू का?

टॅगवाला: एक्सट्रीत टॅग करून कंट्रोल-आर.