अनुभव धागा: आपल्या मुलाचा अभ्यासाचा कोपरा

नमस्कार मंडळी. ऑटिझम असलेल्या मुलासाठी घरात अभ्यासाची जागा कशी केली, ते इथे लिहूया. सामानाच्या याद्या सगळीकडे मिळतात. आपल्या मुलाला काय बोचतं, काय हवंसं वाटतं आणि ते कशावरून कळलं, तेवढं सांगा. सुरुवात मी करते.

फोंडा, लेक ९ वर्षांची
हिचं सगळं कानांवर. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, मासळीवाल्याचा हॉर्न, वाटपाचा मिक्सर. आवाज थांबणार नाहीत, पण कधी येणार ते तिला आधी कळलं की ती निभावते. म्हणून भिंतीवर दिवसाची चित्रं ओळीने लावली आहेत: पोदेर, न्याहारी, गणित, झोपाळा. मिक्सर लावण्याआधी आजी तिला मिक्सरचं चित्र दाखवते. ती स्वतः हेडफोन चढवते, मान हलवते, मगच आजी बटण दाबते. दिवसभर मात्र हेडफोन नाहीत. सतत कान झाकले तर साधे आवाजही जास्त बोचू लागतात, असं आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी बजावलं आहे.

म्हापसा, मुलगा ६ वर्षांचा
ताई, आमच्याकडे उलट. त्याला हालचाल कमी पडते. अभ्यासाआधी झोपाळ्यावर सावकाश, सरळ झोके. गोल फिरवलं तर तो उधाणतो आणि मग तासभर बसत नाही. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली आहे. तिच्यावर पाय दाबत तो अक्षरं गिरवतो. शाळेतही बाईंनी बांधू दिली. शाळेकडे असं काही मागायला संकोच करू नका. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात ऑटिझम आहे, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणं हे शाळेचं काम आहे.

वास्को, बाबा
भाड्याचा फ्लॅट, खिळा ठोकायची मुभा नाही. कपाट आडवं लावून कोपरा केला. मुलगा सारखा डोळे बारीक करून ट्यूबलाइटकडे बघायचा. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आपल्याला जाणवत नाही एवढंच. ती काढून पिवळसर एलईडी भिंतीकडे तोंड करून ठेवला. एलईडीही पारखून घ्या: मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, पट्टे सरकताना दिसले तर तो नको.

साखळी, आजी
पावसाळ्यात पत्र्याखाली नातवाला बसवत नाही, ताशे वाजावेत तसा पाऊस कोसळतो. जूनपासून त्याचं टेबल कौलांच्या खोलीत. ओले कपडे तिथे वाळत घालत नाही, कुबट वासाने तो उठून जातो. उशीला माझ्या जुन्या सुती साडीची खोळ. गणेश चवथीला घर भरतं, पण त्याच्या खोलीत पाहुण्यांची एक बॅगही ठेवत नाही. घुमट वाद्यांचा गजर थांबला की तो आपणहून बाहेर येतो आणि गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून सजवलेल्या माटोळीतलं एकेक फळ बोटाने दाखवून नाव सांगतो. पुस्तकातली चित्रं दाखवून एवढी नावं आली नव्हती.

मडगाव, आई
आम्हाला वेगळी खोली नाही. जेवणाच्या टेबलावरून चादर सोडली आहे, आत गादी आणि पाटी. तेवढा वेळ टीव्ही बंद, वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही सांगून ठेवलंय. आजी, त्या खोळीची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवलीत का? माझ्या मुलीला शिवणच बोचते.