कॅलासच्या ई फ्लॅटच्या तोडीचं कोण?

प्रश्न:
पंधरा दिवस झाले, रोज रात्री हेडफोन लावून गायिका मारिया कॅलासचा १९५१चा मेक्सिको सिटीतला 'आयडा' हा ऑपेरा ऐकतोय. दुसऱ्या अंकाच्या शेवटी कोरस आणि ऑर्केस्ट्रा नुसता गर्जत असतो, आणि ती त्या सगळ्यांच्या वर ई फ्लॅट हा फार उंच स्वर लावते. संगीतकार व्हर्दीने तो स्वर लिहिलेलाच नाही! ध्वनिमुद्रण खरखरीत आहे, तरी स्वर सुरीसारखा आरपार येतो. दरवेळी अंगावर काटा. याच्या तोडीचं कुणी सुचवा ना.

उत्तर १:
जोन सदरलँड. १९५९मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला 'लुचिया' हा ऑपेरा गाऊन तिचं नाव झालं. नायिकेच्या वेडाच्या प्रसंगात तीही ई फ्लॅटच लावते, पण तिचा गोल, भरलेला. धार कमी, प्रकाश जास्त.

उत्तर २:
उंचीच हवी तर मोत्झार्टच्या 'मॅजिक फ्लूट' ऑपेरातली रात्रीची राणी. तिथे एफ लागतो, ई फ्लॅटच्याही वर. १७९१मध्ये ही भूमिका त्याची मेव्हणी योझेफा होफर हिने पहिल्यांदा गायली. एडा मोझरने गायलेली राणीची एरिया (ऑपेरातलं एकल गाणं) १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलीय.

प्रश्नकर्ता:
मोझर आत्ताच दोनदा ऐकली. ते तुटक स्वर! एकेक अगदी नेमका, टाचणीने टोचल्यासारखा. पण तिथे राणी चिडलेली आहे, नि तो राग मोत्झार्टनेच स्वरांत लिहून ठेवलाय. कॅलासचा स्वर तिने स्वतःहून घेतलेला आहे, म्हणून मला तो जास्त जवळचा. आता सदरलँड लावतो.