रक्त येत नाही म्हणून हिरड्या चांगल्या?

मशेरी लावणाऱ्या आजीच्या हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणजे त्या घट्ट, असा या चर्चेत एकाचा दावा आहे. ते उलटं आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू; तिच्यातल्या निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही आणि आत हाड झिजत राहतं. दात-हिरडीमधली फट मोजल्याशिवाय कळत नाही: ३ मिमीपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त असेल तर पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून खोल झालेली फट.

मधुमेहाने हिरड्या बिघडतात हा चर्चेतला मुद्दा मान्य. पण रक्तदाबाच्या गोळीचा विषय कुणीच काढला नाही. अ‍ॅम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या फुगतात, बहुधा पुढच्या दातांमध्ये, कीटण साचलेलं असेल तर जास्तच. गोळी परस्पर बंद करू नका (बरेच जण सर्रास तसं करतात). डॉक्टरांना विचारलं तर बहुतेकदा बदलून मिळते. गोव्यातल्या बांबोळीच्या डेंटल कॉलेजात जाताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या.