दर ठरला, पण तास कोण मोजणार?

'किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या जातात, सरकारने दर बाजारावर सोडावा' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मुंबईत खरी गळती दरात नाही, तासांत आहे. अंधेरी-पवईच्या ऑफिसांतलं हाऊसकीपिंग घ्या. समजा महिन्याचा दर १३,००० आहे. भागिले कामाचे २६ दिवस, म्हणजे दिवसाला ८ तासांचे ५०० रुपये, तासाला ६२.५०. ड्यूटी १२ तासांची असेल तर वरचे ४ तास दुप्पट दराने, म्हणजे आणखी ५००. महिन्याला २६,००० व्हायला हवेत. कंत्राटदार १३ हजारच देतो आणि हजेरीत ८ तास लिहितो. कागदावर कायदा पाळलेला!

दुसरी मेख विशेष भत्त्याची, म्हणजे महागाईपोटी मूळ किमान वेतनावर मिळणाऱ्या रकमेची. महागाई निर्देशांकानुसार तो जानेवारीत आणि जुलैत बदलतो. ऑफिसचं कंत्राटदाराशी कंत्राट मात्र वर्षभर एकाच रकमेचं, त्यामुळे वाढ कामगाराच्या खिशातून कापली जाते. कंत्राटातच 'भत्ता वाढेल तसं बिल वाढेल' हे कलम हवं. आणि कमी मिळालेल्या वेतनाच्या फरकाच्या दाव्याला १९४८च्या किमान वेतन कायद्यात ६ महिन्यांचीच मुदत होती, २०१९च्या वेतन संहितेत ती ३ वर्षं आहे. म्हणून कामगारांनी आल्या-गेल्याची वेळ रोज स्वतःच्या वहीत लिहून ठेवावीच.