अराफातला टेकडीवर चढावंच लागतं का?

शबनम_के:
अब्बा यंदा हजला निघालेत. गुडघे पार गेलेत, तरी जबल-ए-रहमत या अराफातच्या टेकडीवर चढून त्या पांढऱ्या खांबाला हात लावायचाच, असं ठरवून बसलेत. त्याशिवाय हज पुरा होत नाही म्हणे. खरंय का हे?

वाटसरू:
ताई, अजिबात नाही. अब्बांना खालीच बसू द्या.

हज पुरा होतो तो ९ जिल्हिज्जला (हजच्या महिन्याच्या नवव्या दिवशी) मक्केजवळच्या अराफातच्या मैदानात हजर राहिल्याने. ‘हज म्हणजे अराफात’ ही हदीस (पैगंबरांचं वचन) सगळ्यांना पाठ असते, पण त्यातलं अराफात म्हणजे अख्खं मैदान. पैगंबर (स.) स्वतः टेकडीच्या पायथ्याशी, खडकांजवळ उंटणीवर बसून किब्ल्याकडे (काबाच्या दिशेला) तोंड करून सूर्य बुडेपर्यंत दुआ मागत राहिले. आणि आपण इथे थांबलो असलो तरी सगळं अराफात थांबायचीच जागा आहे, हेही सांगून गेले.

मी अम्मीला घेऊन गेलो होतो. टेकडी जेमतेम ७० मीटरची, पण भर उन्हात दगड असे तापतात की चपलेतून चटका बसतो. वरचा खांब नुसता खुणेचा. लोक त्यावर पेनने घरच्यांची नावं लिहितात, त्याला दीनमध्ये काही आधार नाही. अम्मी तंबूबाहेर कडुलिंबाच्या सावलीत तसबीह घेऊन बसली, तिचा वकूफ (अराफातला थांबणं) तिथेच झाला.

जपायचं ते हद्दीला. पिवळे फलक बघा. नमिरा मशिदीचा पुढचा भाग अराफातच्या बाहेर येतो, हे कितीतरी जणांच्या गावीही नसतं. तिथे खुतबा (प्रवचन) ऐकून तसंच बसून राहिलं तर पंचाईत! आणि सूर्य मावळायच्या आत निघायचं नाही. हनफी पंथाचे असाल आणि आधी निघालात, तर दम (भरपाईची कुर्बानी) द्यावा लागतो. मग्रिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज तिथे पढायची नाही, पुढच्या मुक्कामाला, मुज्दलिफाला पोचून इशाच्या (रात्रीच्या) नमाजसोबत.

कोरा_कागद:
मग इतके लोक चढतात कशाला?

वाटसरू:
आदम आणि हव्वा तिथे भेटले अशी कथा आहे, आणि फोटो छान येतो. दुसरं कारण जास्त खरं असावं.

नूर_७:
एक भर घालते. तंबूत जुहर-असर (दुपारची आणि तिसऱ्या प्रहरची नमाज) एकत्र पढायची की वेगळी, यावरून वाद ठरलेला. हनफी पंथाचे इमाम अबू हनीफांच्या मते नमिराच्या इमामामागे असाल तरच एकत्र, नाहीतर आपापल्या वेळेला. त्यांच्याच शागिर्दांचं मत वेगळं होतं. काफिल्याचे मौलाना सांगतील तसं करावं, ऐन दुआच्या वेळी हुज्जत नको.

शबनम_के:
जझाकल्लाह. अब्बा दरवर्षी अराफाचा (९ जिल्हिज्जचा) रोजा धरतात, तिथेही धरायचा?

वाटसरू:
नाही, तो घरी असणाऱ्यांसाठी. पैगंबरांचा रोजा आहे की नाही यावर अराफातमध्ये चर्चा सुरू झाली, तेव्हा त्यांच्या चुलती उम्मुल फज्ल यांनी दुधाचा पेला पाठवला आणि पैगंबरांनी तो उंटावर बसूनच सगळ्यांदेखत प्यायला. अब्बांना हा किस्सा सांगा, ऐकतील.